चाळीस पावलांवरचं मशीन

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य.



मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २६ वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. हे पत्र एका सुईबद्दल आहे. लोक तिला 'कमरेतलं इंजेक्शन' म्हणतात, आम्ही 'स्पायनल' म्हणतो. सिझर, हर्निया, मोडलेला खुबा, मुतखडा, अशा कमरेखालच्या शस्त्रक्रियांचा मोठा भार ही बोटभर लांबीची सुई उचलते. पेशंट जागा राहतो, आपल्याशी बोलतो, आणि बाळाचं पहिलं रडणं आईच्या कानावर पडतं.

अलीकडे परिषदांना गेलं की प्रदर्शनाच्या दालनात एक गॉगल डोळ्यांवर चढवून दाखवतात. समोर प्लास्टिकची पाठ असते आणि तिच्या आतले मणके उजळून दिसतात. सुई कुठून शिरावी, किती खोल जावी, याची रंगीत रेघ हवेत तरंगत असते. तरुण डॉक्टरांची रांग लागते. मीही रांगेत उभी राहिले. गॉगल उतरवताना माझे डोळे भरून आले, कारण त्या प्लास्टिकच्या पाठीच्या जागी मला एका मुलीची पाठ दिसत होती. उद्या अशा गॉगलच्या खरेदीची फाइल आपल्या टेबलावर येईल. त्याआधी त्या मुलीची हकिगत आपल्या कानावर घालावी, म्हणून लिहिते.

ती २२ वर्षांची होती. ऊसतोडीच्या फडावरून नवव्या महिन्यात गावी परतलेली. रात्री दीडच्या सुमाराला बाळाचे ठोके मंदावले आणि सिझर ठरलं. तिला टेबलावर बसवून पाठीवरचा गाऊन बाजूला केला तेव्हा कळलं, की तिचा कणा लहानपणापासून वाकडा आहे. एक खांदा वर चढलेला, कमरेजवळचा बाक दुसऱ्या अंगाला. "बाळ, हनुवटी छातीला लाव, पाठ गोल कर, मांजर करते तशी," मी म्हणाले. तिनं केली. कळ आली की श्वास धरायची, पण हलायची नाही.

अशा कण्यातले मणके नुसते बाजूला सरकलेले नसतात, ते स्वतःभोवती पिळलेलेही असतात. पाठीवर बोटाला लागणारं मणक्याचं टोक बाकाच्या आतल्या बाजूकडे वळलेलं असतं. त्याच्या खालून सरळ सुई घातली की ती मध्यावर पोहोचत नाही, हाडावर जाऊन थडकते. सुई फुगीर बाजूकडे तिरकी न्यावी, हे पुस्तकात दिलं आहे आणि मला ते पाठ आहे. किती तिरकी, ते पुस्तक सांगू शकत नाही. ते प्रत्येक पाठीचं वेगळं असतं.

सात वेळा टोचलं. साती वेळा हाड लागलं. सिस्टरनं तिचे खांदे धरून ठेवले होते. पूर्ण भूल द्यावी लागली तर म्हणून नळी आणि औषधं बाजूला मांडून ठेवली होती. भरल्या दिवसांच्या बाईच्या घशाला सूज असते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते, त्यामुळे ती वेळ येऊ नये असंच प्रत्येक भूलतज्ज्ञाला वाटत असतं. आठव्या खेपेला तो ओळखीचा बारीकसा 'टप्प' बोटांना जाणवला आणि सुईच्या तोंडाशी नितळ थेंब आला. मुलगी झाली, खणखणीत रडली. आईला मात्र डोकेदुखीनं पुढचे चार दिवस उशीवरून डोकं उचलवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी राउंडला गेले तेव्हा तिनं मला विचारलं, "मॅडम, मी हलले होते का? माझंच चुकलं का?"

तिचं काहीही चुकलं नव्हतं. त्याच इमारतीत, ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, दारापासून चाळीस पावलांवर, तिच्या मणक्यांमधली फट दाखवू शकलं असतं असं सोनोग्राफीचं मशीन होतं. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते डॉक्टर मुक्कामाला जिल्ह्याच्या गावी होते. किल्ली मिळाली असती तरी ते मशीन ओटीत आणण्याचा किंवा अंगावर फिरवायचा त्याचा प्रोब हातात घेण्याचा कायदेशीर अधिकार मला नव्हता. त्याच्या नोंदणीत माझं नाव नाही आणि ओटीचंही नाही.

आम्ही सुईची जागा कशी शोधतो, ते आपल्याला माहीत असावं. १८९१ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिश क्विंके यांनी कमरेतून सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी काढण्याची रीत मांडली. आमच्या ट्रेमधल्या सुईला आजही त्यांचं नाव आहे. त्याच शहरात १८९८ मध्ये आउगुस्ट बिअर यांनी त्या वाटेनं कोकेन सोडून पायाची शस्त्रक्रिया केली. मग स्वतःवर आणि आपल्या मदतनिसावर तोच प्रयोग केला, आणि माझ्या पेशंटला झाली तशाच डोकेदुखीनं अंथरूण धरलं. त्यानंतर सव्वाशे वर्षं लोटली. औषधं बदलली, सुया केसासारख्या बारीक झाल्या, पण जागा आजही बहुतेक ठिकाणी अंगठ्यानंच शोधतात. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा चाचपायच्या आणि त्या मनातल्या मनात एका रेषेनं जोडायच्या. पॅरिसचे शल्यविशारद तुफिए यांच्या नावानं ओळखली जाणारी ही रेषा कमरेच्या चौथ्या मणक्यावरून किंवा त्याच्या खालच्या फटीवरून जाते, असं आम्ही धरून चालतो.

धरून चालतो, हेच दुखणं आहे. इंग्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी २००० साली एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठीवर खूण केलेली फट कोणत्या मणक्यांमधली आहे, हे अनुभवी भूलतज्ज्ञांनी हातानं चाचपून सांगायचं आणि एमआरआयवर ते ताडून पाहायचं. उत्तर फक्त २९ टक्के वेळा बरोबर आलं. बऱ्याचदा खरी जागा त्यांना वाटली त्याच्या वर होती, काही वेळा तर चार मणके वर. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, काहींचा जरा आणखी खाली. म्हणून सुई त्याच्या बऱ्याच खाली घालायची असते. अंगठा दोन मणक्यांनी चुकला तर सुई थेट मज्जारज्जूच्या टोकाशी जाते. २००१ मध्ये इंग्लंडमध्येच अशा सात पेशंटची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सहा जणी बाळंतिणी होत्या.

हे वाचून कुणी स्पायनलला घाबरू नये. २००९ साली ब्रिटनमध्ये सात लाखांहून अधिक कण्यातल्या इंजेक्शनांचा हिशेब मांडला गेला. कायमची इजा लाखात दोन ते चार जणांना झाली होती. या सुईनं जन्मभराची कंबरदुखी जडते, असं आमच्याकडे घरोघरी म्हणतात. मी रोज ओपीडीत बायांच्या मनातून ते काढून टाकते आणि पुढेही काढत राहीन. पण लाखात दोन-चारचा आकडा माझ्या त्या मुलीबद्दल बोलत नाही. ज्याची पाठ सरळ आणि शरीर सडपातळ आहे, त्याला सुई पहिल्या फटक्यात बसते. क्षयानं मणका खचलेला म्हातारा, अंगानं जाड बाई, मणके एकमेकांना चिकटून कणा बांबूसारखा ताठ झालेला तरुण, पूर्वी कण्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस, अशांना सगळ्यात जास्त टोचलं जातं आणि तेही बहुधा मध्यरात्री.

आता गॉगलकडे येते. त्यामागचं तंत्र आहे ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांसमोरच्या खऱ्या दृश्यावर नेमक्या जागी चित्राचा थर चढवणं. कण्याच्या शस्त्रक्रियेत ते खरोखर वापरात आलं आहे. ऑगमेडिक्स कंपनीच्या 'एक्सव्हिजन' या डोक्यावर घालायच्या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली आणि जून २०२० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते घालून एका पेशंटच्या मणक्यांत स्क्रू बसवण्यात आले. सर्जनला मान वळवून पडद्याकडे पाहावं लागलं नाही, सीटी स्कॅनमधले मणके पाठीवरच दिसत होते. हे मोठं काम आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण तिथली पाठ आणि माझ्या टेबलावरची पाठ यांत फरक आहे. तिथला पेशंट पूर्ण भुलीखाली पालथा, निश्चल असतो. त्याच्या हाडालाच एक खूण पक्की बसवलेली असते, तिच्या आधारानं यंत्र चित्र जागेवर धरून ठेवतं. माझी पेशंट जागी असते, श्वास घेते, कळ आली की आक्रसते. तिच्या हाडाला काही अडकवायचा प्रश्नच नाही. गरोदर बाईचा एवढ्यासाठी सीटी स्कॅन काढता येत नाही. ज्यांचा काढता येतो, त्यांचा तो झोपवून काढतात आणि सुई मी त्यांना बसवून, वाकवून घालते. झोपलेला कणा आणि वाकलेला कणा यांचा आकार एक नसतो. कालचं चित्र आजच्या पाठीवर चढवलं तर ते दिसायला सुरेख दिसेल आणि चुकीचं असेल. डॉक्टरचा त्याच्यावर विश्वास बसला, तर ते अंगठ्यापेक्षा जास्त घातक.

सुईचंही तसंच आहे. आम्ही वापरतो ती बारीक सुई स्नायूंतून जाताना वाकते. कॅमेऱ्याला तिची मागची मूठ दिसते, टोक दिसत नाही. टोक कुठे आहे ते यंत्र मुठीवरून आणि दिशेवरून ठरवतं, आणि वाकलेल्या सुईबाबत तो हिशेब फसतो. डोळ्यांचीही एक अडचण आहे. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या गॉगलमध्ये चित्राची नाभी सुमारे दोन मीटरवर धरलेली असते आणि माझे हात डोळ्यांपासून हातभरही दूर नसतात. एकाच वेळी दोन्ही स्पष्ट दिसत नाहीत. या गॉगलवर जगभरच्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं होलोलेन्स २ चं उत्पादन थांबवल्याचं सांगितलं. एका कंपनीच्या एका गॉगलला बांधून घेतलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचं अशा वेळी काय होतं, ते खरेदी समितीनं ध्यानात घ्यावं.

बसलेल्या, श्वास घेणाऱ्या, गरोदर बाईच्या कण्याचं त्याच क्षणाचं चित्र देणारं साधन आपल्याकडे एकच आहे, सोनोग्राफी. तिच्यात क्ष-किरण नाहीत. हाडातून आवाजाची लहर पार होत नाही, ही तिची मर्यादा इथे कामाला येते, कारण हाड लख्ख पांढरं उमटतं आणि दोन हाडांमधली फट उघडी दिसते. प्रोब उभा धरून मध्यापासून जरा बाजूनं पाहिलं, की मणक्यांच्या कमानी एकामागे एक घोड्यांच्या मुंडक्यांसारख्या दिसतात. खाली माकडहाडाच्या वरची सलग पांढरी रेघ सापडली की तिथून वर एक-एक फट मोजत जायचं. अंगठ्याचा अंदाज तिथे संपतो. प्रोब आडवा केला की पंख पसरलेल्या वटवाघळासारखी आकृती येते. तिचा मध्य हाच पाठीचा मध्य, आणि मज्जारज्जूभोवतीचं ड्यूराचं आवरण कातडीपासून किती खोल आहे ते सेंटिमीटरमध्ये वाचता येतं. पिळलेल्या कण्यात आकृती सरळ दिसेपर्यंत प्रोब कलवायचा. तो जितका कलला, तितकीच सुई तिरकी. मला सात टोचण्यांत न मिळालेलं उत्तर हेच होतं.

टोरांटोत २०११ मध्ये नेमके असेच अवघड पाठीचे १२० पेशंट घेतले. आधी सोनोग्राफीनं जागा आखली तेव्हा ६५ टक्के जणांत सुई पहिल्याच प्रयत्नात बसली, हातानं चाचपून ३२ टक्के जणांत. आखणीला सहा-सात मिनिटं लागली. बाळाचे ठोके बुडत असतील तेव्हा तेवढी मिनिटं नसतात, हे मी जाणते. पण अवघड पाठ आधी ओळखून वॉर्डमध्येच आखून ठेवता येते.

मग गॉगल कशाला, असं आपण विचाराल. तर सोनोग्राफी पाहायची बाजूच्या पडद्यावर आणि सुई घालायची पाठीवर, यात फार काही सांडतं. जेली पुसावी लागते, पेनाची खूण स्पिरिटनं निघून जाते, पेशंट जरा सरकला की कातडी सरकते आणि हाड जागेवरच राहतं. नवशिक्याला पडद्यावरचं डावं-उजवं मनात उलटवताना घाम फुटतो. ती आकृती पाठीवरच उमटली तर? व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये हेच दाखवलं. सोनोग्राफीतून मणके ओळखायचे आणि पाठीच्या थेट व्हिडिओवर त्यांची नावनिशी रेखाटायची. त्यासाठी त्यांना डोक्यावरचा गॉगल लागला नाही, कॅमेरा आणि पडदा पुरला. मला वाटतं आपली वाट इथून जाते.

ती वाट अडते आपल्या सोनोग्राफीच्या कायद्यापाशी, आणि त्याबद्दल मी आदरानंच बोलणार आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. न जन्मलेल्या त्या मुली माझ्याच भागातल्या. हा कायदा सैल करा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण कण्यासाठी जो पोटावरचा, गोलसर तोंडाचा प्रोब लागतो, त्याच प्रोबनं गर्भही दिसतो. म्हणून मशीन नोंदवलेल्या जागेला बांधलेलं असतं, आणि एका डॉक्टरचं नाव जिल्ह्यात फार तर दोन केंद्रांवर नोंदता येतं. सकाळपासून रात्रीपर्यंत पाच रुग्णालयांत भूल देत फिरणाऱ्या खासगी भूलतज्ज्ञानं छोटं मशीन पिशवीत घालून नेणं हा गुन्हा ठरतो. त्यामागचं कारण मला समजतं. त्याची किंमत वाकड्या पाठीची गरोदर बाई मोजते, तेही कुणीतरी समजून घ्यावं.

मंत्रिमहोदय, हा गुंता सोडवण्याचं साधन मला त्या प्रदर्शनातल्या गॉगलमध्येच दिसलं. यंत्राला पाठीवर रेखाटायचं असतं फक्त हाड. मग राखाडी चित्र डॉक्टरला दाखवायचंच कशाला? प्रोबनं घेतलेली लहर बंद पेटीत जावी, पेटीनं त्यातून मणके, फट, मध्यरेषा आणि खोली एवढंच काढावं आणि साध्या प्रोजेक्टरनं पाठीवर टाकावं. मूळ चित्र पडद्यावर येऊ नये, साठवलं जाऊ नये, बाहेर पडू नये. गर्भावर प्रोब ठेवला तर पाठीवर काहीही उमटू नये. अशा पेटीनं लिंग सांगता येणार नाही, कारण ती हाडांच्या चार रेषांपलीकडे कुणाला काही दाखवतच नाही. कोल्हापुरात सोनोग्राफी मशीनना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारा 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवण्याचा प्रयोग झाला होता. यंत्रालाच कायद्याचा पहारेकरी करण्याची कल्पना आपल्या मातीत नवी नाही. आयआयटी मुंबईत वैद्यकीय उपकरणं घडवणारं 'बेटिक' केंद्र २०१४ पासून राज्याच्या मदतीनं उभं आहे. त्यांना हे काम सांगा. फक्त चाचणी पुण्या-मुंबईच्या सरळ पाठींवर उरकू नका. आमच्याकडे या. कामानं वाकलेल्या, क्षयानं खचलेल्या पाठी इथे आहेत.

पेटी तयार व्हायला वर्षं लागतील. तोवर गॉगल महाविद्यालयांत शिकवण्यासाठी जरूर आणा. शिकवण्यात अशा तंत्राचा उपयोग दिसून आला आहे. कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात अर्धपारदर्शक आरशातून कृत्रिम पाठीवर स्कॅनचं चित्र पाडून मणक्यांच्या सांध्यात सुई घालायला शिकवलं, तेव्हा तसे शिकलेल्यांच्या सुया अधिक वेळा नेमक्या जागी पोहोचल्या. त्या गटानं सरावासाठी लिहिलेलं 'पर्क ट्यूटर' आणि त्यामागचं 'थ्रीडी स्लायसर' ही सॉफ्टवेअर कुणालाही फुकट मिळतात. प्लास्टिकचा कणा पातेल्यात ठेवून त्यावर जिलेटिन ओतलं की प्रोबखाली दिसणारी पाठ तयार होते. माझ्या निवासी डॉक्टरपणात पहिली स्पायनल मी जिवंत माणसावर शिकले. त्या आजोबांचा चेहरा मला अजून आठवतो. यापुढच्या मुलांनी पहिल्या पन्नास सुया जिलेटिनमध्ये घालाव्यात.

आज मागते आहे ते याहून लहान आहे. सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत जिथे सोनोग्राफी मशीन आधीच नोंदवलेलं आहे, तिथे ओटी हीसुद्धा त्याच्या वापराची जागा म्हणून नोंदवली जावी आणि तिथल्या भूलतज्ज्ञांची नावं नोंदणीत घातली जावीत, फक्त कण्याच्या आणि नसांच्या कामापुरती. गरोदर बाईसाठीचा या कायद्यातला फॉर्म एफ मी दर वेळी भरीन, चार ओळी जास्त असल्या तरी भरीन. माझ्या अनुभवात असे अर्ज एका टेबलावर मंजूर होतात आणि दुसऱ्यावर महिनोन् महिने पडून राहतात. हा कायदा राबवणाऱ्या सगळ्या समुचित प्राधिकाऱ्यांना एकच अर्थ सांगणारं परिपत्रक हवं. हा विषय सार्वजनिक आरोग्य खात्याचाही आहे, म्हणून आपल्या सहकारी मंत्र्यांसोबत एकदा बसून ते काढावं. एक पान पुरेल.

ती मुलगी गेल्या आठवड्यात ओपीडीत आली होती. तिची लेक आता तीन वर्षांची आहे, आईच्या पदराला धरून उभी होती. आई पुन्हा गरोदर आहे आणि यंदा फडावर गेलेली नाही. पहिलं सिझर असल्यानं दुसऱ्या वेळीही सिझरच होण्याची शक्यता जास्त. जिल्ह्याला जा, असं मी तिला सांगितलं आहे, पण कळा रात्री सुरू झाल्या तर ती माझ्याच टेबलावर येणार. तिची तारीख डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे. परिपत्रक त्याआधी निघालं, तर नाताळच्या सुमाराला तिला वॉर्डमध्ये बोलावून, बसवून, मी तिची पाठ प्रोबनं नीट पाहीन आणि सुईची जागा, दिशा आणि खोली केसपेपरवर लिहून ठेवीन.

आपली,
एक भूलतज्ज्ञ